देवमाशाचे घट्टे आणि बरणीतला बेडूक

आमच्या माहीमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. अजस्र देवमासा, त्याच्या डोक्यावर पांढरी खरबरीत पुटं, आणि बोटीतून वाकलेला एक माणूस खुरप्यासारख्या हत्याराने ती खरवडून काढतोय. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं होतं, "मुक्या जिवाचं ओझं उतरवलं, केवढं पुण्य!"

व्हिडिओ खोटा होता, संगणकावर बनवलेला. पण वहिनींची कळकळ खरी होती, म्हणून मी उत्तर लिहायला घेतलं. ते चार ओळींत मावेना. त्याच आठवड्यात अकरावीतला माझा भाचा एका प्रयोगशाळेतल्या बरण्या बघून आला आणि फणकाऱ्याने म्हणाला, "आत्या, मेलेले साप-बेडूक वर्षानुवर्षं बरणीत भरून ठेवायचे, आणि याला विज्ञान म्हणायचं?"

वहिनींचा देवमासा आणि भाच्याचा बेडूक यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पण दोघांना उत्तर देताना मी सारखी एकाच जागी येऊन पोचत होते. एखादा प्राणी ओळखायचा कसा, आणि ती ओळख लिहून कशी ठेवायची, ही ती जागा. म्हणून दोघांची उत्तरं इथे एकत्रच देते.

घट्टा म्हणजे काय, तिथून सुरुवात

दोर ओढणाऱ्या कोळ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. सतार वाजवणाऱ्याच्या बोटाची टोकं टणक होतात. चप्पल चावली की पायाला कुरूप होतं. तिन्हींमध्ये घडतं ते एकच: त्वचेचा वरचा थर जाड होतो आणि त्यात केरॅटिन नावाचं प्रथिन साठतं. आपली नखं, केस, गाईची शिंगं, गेंड्याचं शिंग, सापाचे खवले, सगळं याच केरॅटिनच्या घराण्यातलं. नख कापताना दुखत नाही, कारण तो भाग जिवंत नसतो.

राइट व्हेल नावाच्या देवमाशांच्या डोक्यावर अशाच शिंगासारख्या कडक, खडबडीत त्वचेचे उंचवटे असतात. त्यांना इंग्रजीत कॅलॉसिटी म्हणतात. मी इथून पुढे 'घट्टे' म्हणणार आहे. शब्द अगदी चपखल नाही, कारण आपला घट्टा घासून पडतो आणि यांचे घट्टे उपजत असतात. पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. जन्मानंतर काही महिन्यांत ते वाढून नीट आकार घेतात.

ठरलेल्या जागा कोणत्या? वरच्या जबड्याच्या टोकाला एक मोठा घट्टा, डोळ्यांच्या वर, हनुवटीवर, खालच्या ओठाच्या कडेने, आणि श्वास घ्यायच्या छिद्रांमागे. माणसाच्या चेहऱ्यावर मिशा, भुवया आणि दाढी जिथे येते, साधारण त्याच जागा. आणि खरोखरच या घट्ट्यांतून तुरळक केसही उगवलेले असतात. देवमासा मासा नसून आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे, हे वर्गात शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते या चार केसांनी पटतं.

हे घट्टे कशासाठी असतात, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. नरांमध्ये ते जास्त आढळले आहेत, त्यामुळे एकमेकांना रेटताना, घासताना त्यांचा उपयोग होत असावा असं एक मत आहे.

हे देवमासे आपल्याकडे दिसतात का?

नाही. राइट व्हेलच्या तीन जाती आहेत: एक उत्तर अटलांटिकमधली, एक उत्तर पॅसिफिकमधली आणि एक दक्षिण गोलार्धातली. मुंबईच्या किनाऱ्यावर येतात ते वेगळे. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला वाहून आलेला मृत देवमासा ब्रायड्स व्हेल होता. अरबी समुद्रात हंपबॅक व्हेलही आहेत. त्यांच्या डोक्यावर टेंगळं असतात आणि प्रत्येक टेंगळातून एक केस निघतो, पण ते घट्टे नव्हेत. हंपबॅक ओळखतात शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून. अरबी समुद्रातले हे हंपबॅक इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे ये-जा करत नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत असावी असा अंदाज आहे. आपल्या दारातली ही गोष्ट आपल्यालाच फारशी ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राइट व्हेल हे नाव शिकाऱ्यांच्या बोलण्यातून आलं असं सांगतात. हा प्राणी हळू पोहतो, किनाऱ्याजवळ राहतो आणि मेल्यावर तरंगतो, म्हणून मारायला 'योग्य'. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने त्याला संरक्षण मिळालं, तोवर उत्तर अटलांटिकमध्ये थोडेच उरले होते. आजही तिथे ते चारशेच्या आतच आहेत. आमच्या गल्लीतल्या दोन इमारतींत जेवढी माणसं राहतात, तेवढे.

मग ते पांढरं काय?

व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटतं की डोक्यावर शंख-शिंपले चिकटलेत. राइट व्हेलचा घट्टा स्वतः करड्या-काळसर रंगाचा असतो. पांढरा दिसतो तो त्यावर राहणाऱ्या हजारो बारीक जिवांमुळे. त्यांना व्हेलच्या उवा म्हणतात, पण त्या कीटक नाहीत. कोलंबी आणि खेकडे ज्या मोठ्या गटात येतात, त्याच गटातल्या त्या. नखाएवढ्या किंवा त्याहून लहान, आकड्यांसारख्या पायांनी घट्ट्याच्या खाचाखोचांत घट्ट धरून बसतात आणि गळणारी त्वचा खातात.

या उवा मला फार आवडतात, कारण त्यांना मोकळं पोहता येत नाही. एका देवमाशावरून दुसऱ्यावर जायचं तर अंगाला अंग लागावं लागतं. बहुतेक वेळा आईकडून पिल्लाकडे. म्हणजे देवमासे जिथे गेले, ज्यांना भेटले, ज्यांच्यापासून दुरावले, त्याचा इतिहास उवांच्या वंशावळीत आपोआप उतरत गेला. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तीनही जातींच्या देवमाशांवरच्या उवांचा डीएनए तपासला. तिन्ही जाती पन्नास ते साठ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, हे त्यातून निघालं. एवढंच नाही, तर दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दक्षिणेकडचा निदान एखादा देवमासा विषुववृत्त ओलांडून उत्तरेला गेला असावा, हेही. चरबीच्या जाड थरामुळे हे प्राणी विषुववृत्ताचं कोमट पाणी सहसा ओलांडत नाहीत. एका देवमाशाचा तो प्रवास उवांनी लक्षात ठेवला.

व्हिडिओतला माणूस जे खरवडत होता, ते असं आहे.

देवमाशांची हजेरी

घट्ट्यांची मांडणी प्रत्येक देवमाशाची निराळी असते आणि मोठं झाल्यावर फारशी बदलत नाही. एकाच्या डोक्यावर सलग पट्टा, दुसऱ्याच्या तुटक बेटं, तिसऱ्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिपके. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर हजारो पांढऱ्या चादरींतून नेमकी आपली चादर परत येते, ती कोपऱ्यातल्या धोब्याच्या खुणेमुळे. इथे खूण निसर्गानेच घालून दिलेली आहे.

१९७० मध्ये देवमाशांचे अभ्यासक रॉजर पेन यांनी अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ विमानातून डोक्यांचे फोटो काढून एकेक देवमासा ओळखायला सुरुवात केली. उत्तर अटलांटिकमधल्या देवमाशांची सूची बॉस्टनचं न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियम सांभाळतं. प्रत्येकाला चार आकडी क्रमांक. काहींना टोपणनावंही असतात. एका मादीच्या डोक्यावर स्वल्पविराम आणि रेघेसारखे व्रण होते, म्हणून तिचं नाव 'पंक्च्युएशन', म्हणजे विरामचिन्हं. २०१९ मध्ये ती कॅनडाजवळ मृत सापडली. जहाजाची धडक बसल्याच्या खुणा तिच्या अंगावर होत्या.

पण मला कायम आठवते ती १०४५ क्रमांकाची मादी. १९३५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ काही लोकांनी एका पिल्लाला भाले मारून ठार केलं. आई तासन् तास तिथेच घोटाळत राहिली. त्या प्रसंगाचे फोटो काढले गेले होते. पुढे पन्नासेक वर्षांनी, सूची तयार झाल्यावर, कुणीतरी ते जुने फोटो ताज्या फोटोंशी ताडून पाहिले आणि डोक्यावरचे घट्टे जुळले. ती मादी जिवंत होती. १९९५ मध्ये ती शेवटची दिसली, डोक्यावर जहाजाच्या धडकेची मोठी जखम घेऊन. १९३५ मध्येच ती आई होती, म्हणजे शेवटच्या वेळी तिचं वय सत्तरीच्या घरात असणार. राइट व्हेल इतकी वर्षं जगू शकतात हा पुरावा आपल्याला एका क्रूर दिवसाच्या फोटोंतून मिळाला. तेही कुणीतरी ते फोटो तारीख आणि जागेसकट जपले म्हणून.

जीपीएस लावून मोकळे का होत नाहीत?

लावतात, पण ते टिकत नाही. चिकटवलेलं यंत्र काही तासांत किंवा दिवसांत गळतं. चरबीत रोवलेलं जास्त टिकतं, पण त्याने जखम होते. चारशेहून कमी उरलेल्या प्राण्यांना जखमा करायला कोण धजावेल? फोटोला प्राण्याला हात लावावा लागत नाही. आता हे ताडून पाहण्याचं काम संगणकही करतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सागरी मत्स्य विभागाने त्यासाठी जाहीर स्पर्धाच घेतली होती. तरी अंतिम शिक्का माणसाचा.

या हजेरीने देवमासे वाचतात का?

नुसत्या मोजणीने वाचत नाहीत. पण कोण मेलं, कशाने मेलं, किती माद्या उरल्या, कुणाला किती वर्षांनी पिल्लू झालं, हे नावानिशी सांगता आलं की जहाज कंपन्या आणि सरकार यांच्यापुढे बोलता येतं. या देवमाशांचे मोठे मारेकरी दोन: जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर. २००८ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट किंवा त्याहून लांब जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा आहे. म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर. तरीही २०१७ या एका वर्षात १७ देवमासे मेलेले सापडले. सूची नसती तर ते 'काही देवमासे' एवढंच राहिलं असतं.

आता बरणी

इथे प्रश्नाची जात बदलते. देवमाशाच्या बाबतीत विचारायचं असतं, 'हा कोण?' बरणीतल्या बेडकाच्या बाबतीत विचारायचं असतं, 'ही कुठली जात, आणि अमुक वर्षी ती अमुक ठिकाणी होती याला पुरावा काय?' पहिल्यासाठी फोटो पुरतो. दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा शरीर लागतं.

बरणी कशी तयार होते ते सांगते. जंगलात नमुना मिळाला की आधी जिवंतपणीचा फोटो, कारण मद्यार्कात रंग उडून जातो आणि हिरवा बेडूक मातकट होतो. मग भूल देऊन वेदनारहित मृत्यू. यकृताचा किंवा मांडीचा कणभर तुकडा डीएनएसाठी वेगळ्या कुपीत. मग शरीर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती कुजू नयेत म्हणून वापरतात त्या द्रावणात. साप मोठा असेल तर पोटात सुईने हे द्रावण सोडावं लागतं, नाहीतर आतून सडतो. काही दिवसांनी पाण्याने धुऊन कायमचा मुक्काम ७० टक्के मद्यार्कात. पायाला किंवा मानेखाली दोऱ्याने चिठ्ठी. चिठ्ठीवर क्रमांक. तोच क्रमांक नोंदवहीत, आणि त्यापुढे गाव, नेमकी जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, कोणी पकडला, कशावर बसला होता.

या सगळ्यात प्राण्याइतकीच किंमत चिठ्ठीची आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं २६ जुलै २००५ नंतर.

त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा ज्या कॉलेजात शिकवत होते, तिथली प्राणिशास्त्राची साठवणीची खोली तळमजल्यावर होती. आठवड्याने दार उघडलं. बरण्या बहुतेक शाबूत होत्या. पण त्यांच्या बाहेर डिंकाने चिकटवलेली लेबलं पाण्याने सुटून खोलीभर चिखलात पसरली होती. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली नोंदवही फुगून एकसंध लगदा झाली होती. दिवड, फुरसं, पाली, भेक, एक देवगांडूळ, सगळे आपापल्या जागी होते आणि एकही कुठला आहे ते सांगता येत नव्हतं. कोणी म्हणालं, "मॅडम, जात तर दिसतेय ना?" जात दिसत होती. पण तो भेक बोरिवलीचा की कर्जतचा, १९६२ चा की १९८८ चा, हे कायमचं गेलं होतं. ज्यांच्या अंगाला बरणीच्या आत चिठ्ठी बांधलेली होती, तेवढेच अकरा नमुने वाचले. जुन्या काळच्या कुणा शिस्तीच्या प्रयोगशाळा सहायकाने न पुसणाऱ्या शाईने लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या होत्या. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही, पण त्यांच्याविषयी मला आजही कृतज्ञता वाटते.

हे काम मुंबईला नवीन नाही

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) सुरू झाली. त्या आठांत दोन आपले: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. एकमेकांना नमुने दाखवावेत, टिपणं वाचावीत, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. आज सोसायटीच्या फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये पक्षी, सस्तन प्राणी, कीटक यांच्याबरोबर हजारो सरपटणारे प्राणी आणि उभयचर क्रमांकानिशी ठेवलेले आहेत. फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी याच सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय सापांवर वर्षानुवर्षं लेखमाला लिहिली, ती अशाच नमुन्यांच्या आधारावर, एकेक खवला मोजून.

खवले मोजणं हा वेडेपणा नाही. सापाच्या पोटावरचे आडवे खवले किती, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी किती, यावर जात ठरते. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या वरवर पाहता दोन्ही काळपट, पट्टेवाले. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मात्र षटकोनी मोठ्या खवल्यांची एक ओळ असते, कवड्याला नसते. आज सर्पमित्र सहज सांगतात ही गोष्ट. ती बरण्यांपुढे बसून कुणीतरी आधी लिहून ठेवली होती.

नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही

लोकांना एक तक्रार नेहमी असते: शास्त्रज्ञ नावं बदलत राहतात, मग विश्वास कशावर ठेवायचा? आपल्या ओढ्यांतली दिवड पूर्वी नॅट्रिक्स पिस्केटर होती, मग झेनोक्रोफिस पिस्केटर झाली, आता फाउलिया पिस्केटर आहे.

गावाकडचा सातबारा आठवा. जमिनीचा मालक बदलतो, वाटण्या होतात, फेरफार नोंदी पडतात. जुनं नाव कंसात जातं, पण गट नंबर तोच राहतो, म्हणून भांडण कोर्टात गेलं तरी मूळ तुकडा कोणता ते सापडतं. संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक हा प्राण्याचा गट नंबर. नाव ही त्यावरची फेरफार नोंद.

याचं महत्त्व कळायला भातखाचरातला छोटा बेडूक घेऊ. शंभर वर्षांपूर्वी भारतभरच्या अशा बेडकांना सरसकट राना लिम्नोकॅरिस म्हणत. हे नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाला दिलेलं. पुढे डीएनए आणि आवाज तपासल्यावर कळलं की भारतात त्या एका नावाखाली अनेक वेगळ्या जाती दडल्या होत्या. आता जुन्या लेखात 'खंडाळ्याला राना लिम्नोकॅरिस मिळाला' असं वाचलं, तर तो आजचा कोणता बेडूक? लेख वाचून सांगता येत नाही. फोटोही बहुधा नसतो. पण त्या बेडकाचा क्रमांक दिलेला असेल आणि बरणी शाबूत असेल, तर ती उघडून बघता येतं.

नवी जात नोंदवताना असा एक मूळ नमुना ठरवला जातो. त्याला होलोटाइप म्हणतात. पूर्वी पॅरिसजवळ मीटरची प्रमाण पट्टी जपून ठेवलेली असे, तसाच हा नमुना. शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. २००३ मध्ये आंबोलीतून एका देवगांडुळाची नवी जात नोंदली गेली, गेजेनियोफिस डॅनिएली. हे नाव बीएनएचएसचे जे. सी. डॅनियल यांच्यावरून दिलेलं आहे. देवगांडूळ म्हणजे पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर, म्हणजे बेडकांचाच दूरचा नातलग. बाहेरून गांडुळाशी इतकं साम्य की शेतकरीसुद्धा फसतो. अंगावरच्या वलयांची संख्या, दातांची रचना, कवटीची हाडं, हे बघायला शरीर हातात असावं लागतं.

पण त्यासाठी मारायचं?

भाच्याचा खरा प्रश्न हा होता, आणि तो त्याने विचारला याचा मला अभिमान आहे. मीही विद्यार्थिदशेत पहिला बेडूक भुलीच्या पाण्यात सोडला, तेव्हा रात्री जेवले नव्हते.

माझं उत्तर असं. जिथे एकेक प्राणी ओळखून काम भागतं, तिथे मारू नये, आणि आता मारतही नाहीत. समुद्री कासवांच्या गालांवरच्या खवल्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, ती फोटोवरून ताडतात. बेडकांच्या पाठीवरचे ठिपके तसेच. राइट व्हेलचे घट्टे तसेच. पण नवी जात आहे असा दावा करायचा, तर तो दुसऱ्या कुणालाही, पन्नास वर्षांनीही, तपासता आला पाहिजे. त्याला मोजके नमुने लागतात. तेही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घेऊन. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना मान्यताप्राप्त भांडारात जमा करावा लागतो, आणि मुंबईची बीएनएचएस त्यांपैकी एक आहे. मूठभर बेडकांनी जात संपत नाही. एका पाणथळ जागेवर भराव टाकला की संपते. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी पोत्याने बेडूक आणून कापायचे ही पद्धत मात्र वाईट होती. ती बंद झाली ते फार बरं झालं, आणि तिच्यात माझाही हात होता याची खंत आहे.

बरण्यांनी काय दिलं, याचं मला सर्वांत मोठं वाटणारं उदाहरण सांगते. विसाव्या शतकाच्या शेवटी जगभरातून बेडूक नाहीसे होऊ लागले. कारण सापडलं, एक बुरशी, कायट्रिड. १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय नाव ठरलं. ती बेडकाच्या त्वचेतल्या केरॅटिन असलेल्या थरावर हल्ला करते. बेडूक त्वचेतून पाणी पितो, श्वासही घेतो, क्षारांचा तोलही तिथेच सांभाळतो, म्हणून त्वचा बिघडली की तो मरतो. पण बुरशी आली कधी? मेलेले बेडूक तर कधीच कुजून गेलेले. २०११ मध्ये संशोधकांनी संग्रहालयांतल्या जुन्या बरण्या उघडल्या, बेडकांच्या त्वचेवर बोळा फिरवला आणि बुरशीचा डीएनए शोधला. मेक्सिकोत ती १९७० च्या दशकात, ग्वाटेमालात १९८० च्या दशकात, आणि १९८७ पर्यंत कोस्टा रिकात पोचली होती, असा तिचा माग लागला. ते बेडूक जमा केले गेले तेव्हा या बुरशीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. ज्यांनी ते ठेवले, त्यांना कल्पना नव्हती की आपण कशाचा पुरावा ठेवतोय. त्यांनी फक्त गाव आणि तारीख नीट लिहिली.

आणि हे सगळं जळूही शकतं

बरण्या म्हणजे हजारो लिटर मद्यार्क. १५ मे २०१० रोजी ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बुतांतान संस्थेत आग लागली आणि ७०,००० हून जास्त सापांचे नमुने गेले, जगातल्या सर्वांत मोठ्या सर्पसंग्रहांपैकी एक. २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय जळालं. नोंदवह्या स्कॅन करून ठेवणं, चिठ्ठ्यांचे फोटो काढणं हे दिसायला कंटाळवाणं काम आहे. त्याला पैसा मिळत नाही, बातमीही होत नाही. माझ्या कॉलेजच्या त्या वहीचा एक फोटो जरी कुणी काढून ठेवला असता तर, हे मनातून जात नाही.

आपल्या हातात काय आहे?

पावसाळ्यात जुहू, वर्सोवा, अक्सा, दादर, कुठेही मृत देवमासा, डॉल्फिन किंवा कासव दिसलं तर आधी वनखात्याला कळवा. हात लावू नका, कारण रोग लागू शकतो आणि देवमासा व कासव कायद्याने संरक्षित आहेत. मग फोटो. सेल्फी नको. डोक्याच्या दोन्ही बाजू, शेपटी, पाठीवरचा पर, पोट. जवळ आकार कळेल अशी एखादी वस्तू ठेवून. आणि जागा, तारीख, वेळ शब्दांत लिहून. फोनमधून फोटो पुढे ढकलला की त्यातली लपलेली माहिती बहुधा गळून जाते, म्हणून लिहिणं महत्त्वाचं. अंगणातल्या बेडकालाही हेच लागू.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं की व्हिडिओ खोटा आहे, आणि खऱ्या देवमाशाच्या डोक्यावरचं ते खरवडायचं नसतं, त्यावरून त्याला ओळखतात. १०४५ ची गोष्टही लिहिली. वहिनींनी काहीच उत्तर दिलं नाही. मला वाटलं, दुखावल्या.

दोन दिवसांनी रात्री त्यांचा फोटो आला. ओल्या फरशीवर एक भेक, शेजारी एक रुपयाचं नाणं. खाली लिहिलं होतं: "माहीम, आपल्या पाण्याच्या टाकीच्या मागे, रात्री पावणेनऊ. डावा डोळा जरा बारीक आहे."